तेलताडाचं फळ पिकतं तेव्हा आत काय घडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी प्रयोगशाळेत या फळावर काम करताना आणि नंतर वर्गात शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे विद्यार्थ्यांचे आहेत, काही लागवडीच्या विचारात असलेल्या शेतकऱ्यांचे, आणि एखाद-दुसरा घरच्या स्वयंपाकघरातला. माझ्या मते या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे. ‘पिकणं’ ही एकच घटना आहे असं आपण धरून चालतो. तेलताडात तेल भरणं, रंग बदलणं, गर मऊ होणं आणि देठापासून सुटणं ही वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यांची जनुकंही वेगवेगळी. ती साधारण एकाच सुमारास चालतात म्हणून आपल्याला एक वाटतात.

तेलताड म्हणजे ताडगोळे देणारा आपला ताड का?

नाही. ताडगोळ्यांचा ताड वेगळा, शिंदी वेगळी. तेलताड मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. शास्त्रीय नाव एलेइस गिनीन्सिस. घराण्याने तो माडाला बराच जवळचा आहे. १८४८ साली जावा बेटावरच्या बोगोर वनस्पती उद्यानात त्याची चार रोपं लावली गेली, आणि आग्नेय आशियातल्या मळ्यांत आज जी झाडं दिसतात त्यांच्या वंशावळीत ही चार रोपं हटकून सापडतात. जगातलं बहुतेक पामतेल आता इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं.

फळात तेल नक्की कुठे असतं?

एक पिकलं फळ हातात घ्या. आकार सालासकटच्या सुपारीएवढा, टोकाला काळपट, देठाकडे शेंदरी. सुरीने उभा काप दिला की सुरी अर्ध्यात अडते, कारण आत करवंटी आहे. करवंटीभोवतीचा गर गडद नारिंगी आणि धागेदार असतो. तो दोन बोटांत दाबला की तेल ओघळतं आणि बोटांवर हळदीसारखा पिवळा-नारिंगी डाग पडतो. साबणाने एका धुण्यात तो जात नाही. करवंटी हातोडीने फोडली की आत पांढरी, टणक गिरी निघते. दिसायला सुक्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखी.

गरातून निघतं ते पामतेल. गिरीतून निघतं ते पाम गिरीचं तेल. एकाच फळातली ही दोन तेलं गुणाने इतकी वेगळी आहेत की ती एका झाडाची वाटूही नयेत. त्याचं कारण पुढे येईल.

पिकलेल्या गराचं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनात ९० टक्क्यांपर्यंत तेल असू शकतं. वनस्पतिसृष्टीत याहून जास्त तेल साठवणारा गर आजवर नोंदलेला नाही.

‘जनुकाची अभिव्यक्ती’ म्हणजे सोप्या भाषेत काय?

तलाठ्याच्या दप्तरातलं उदाहरण मी वर्गात देतो. मूळ नोंदवही दप्तरातच राहते, ती कुणी घरी नेत नाही. काम निघालं की त्या नोंदीची नक्कल काढायची आणि ती घेऊन पुढच्या कचेरीत जायचं. पेशीत डीएनए ही मूळ नोंदवही, आणि आरएनए ही नक्कल. नक्कल पाहून पेशी प्रथिन बनवते आणि प्रथिन काम करतं.

फळाच्या प्रत्येक पेशीत नोंदवही तीच असते. तेलताडाची ही नोंदवही २०१३ साली वाचून प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे १.८ अब्ज अक्षरं आणि ३४,८०० च्या आसपास जनुकं आहेत. कोवळ्या फळात आणि पिकलेल्या फळात फरक पडतो तो कुठल्या नोंदीच्या किती नकला निघाल्या याने. त्या नकला मोजणं म्हणजे अभिव्यक्ती मोजणं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. नक्कल निघाली म्हणजे काम झालंच असं नसतं. नकला भरपूर आणि प्रथिन मात्र थोडं, असंही होतं. निव्वळ आरएनएच्या आकड्यांवरून ‘हे जनुक तेल वाढवतं’ असं ठोकून देणारे निबंध वाचताना हे लक्षात असू द्या.

फळ पिकायला किती दिवस लागतात आणि त्यात केव्हा काय होतं?

परागीभवनापासून साधारण साडेपाच महिने. जागा, हवामान आणि वाण यांप्रमाणे थोडं मागेपुढे.

पहिले शंभर दिवस गरात तेल जवळजवळ नसतंच. सुरुवातीला फळ फारसं वाढत नाही, मग झपाट्याने फुगतं. या काळात पेशी विभागणारी आणि ताणणारी जनुकं जोरात असतात. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकंही भरपूर असतात. करवंटी याच काळात टणक होते आणि गिरी आधी पातळ, मग दाट होत जाते. शहाळ्यापासून नारळ होताना आपण जे पाहतो, साधारण तसंच.

शंभर ते एकशेवीस दिवसांचा टप्पा हा सांधा बदलण्याचा. वाढीची संप्रेरकं ओसरतात. हा टप्पा बाहेरून अजिबात कळत नाही. फळ तसंच काळं, तसंच कडक दिसतं. पण नकला मोजल्या तर चित्र पालटलेलं असतं. एका बाजूची जनुकं शांत होत असतात आणि दुसऱ्या बाजूची, म्हणजे मेदाम्लं (तेलाचे मूळ घटक) बनवणारी, एकेक करून जागी होत असतात. मला या सगळ्या प्रवासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि आत अख्खा कारभार बदललेला असतो.

एकशेवीसच्या पुढे तेल भरू लागतं आणि शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत बहुतेक तेल जमा होतं. ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलिन ही दोन संप्रेरकं आता वर चढतात. अगदी शेवटच्या दिवसांत कॅरोटीन वाढून गर नारिंगी होतो आणि फळं देठापासून सुटू लागतात.

खजूरही ताडकुळातलाच. मग तो गोड आणि हा तेलकट, असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण नेमका हाच प्रश्न घेऊन झालेलं काम या विषयातलं सर्वांत डोळे उघडणारं आहे. २०११ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तेलताडाचा गर आणि खजुराचा गर समोरासमोर ठेवून दोघांतल्या नकला मोजल्या. दोन्ही झाडं एका कुळातली, दोघांच्या फळांना पानांकडून साखरच मिळते. खजूर ती साखर म्हणूनच ठेवतो, तेलताड तिचं तेल करतो.

साखरेचं तेल होण्याचा रस्ता थोडक्यात असा. पानातून आलेली साखर तुटून पायरुव्हेट नावाचा छोटा रेणू होतो. पेशीतल्या प्लास्टिड नावाच्या कप्प्यात त्यापासून मेदाम्लाच्या लांब साखळ्या विणल्या जातात. मग या साखळ्या कप्प्याबाहेर येतात आणि तीन-तीन साखळ्या एका ग्लिसरॉलला जोडून तेलाचा रेणू तयार होतो.

तेव्हापर्यंत बऱ्याच जणांचा अंदाज होता की शेवटच्या जोडणीत, म्हणजे तीन साखळ्या बांधणाऱ्या विकरांत, मोठा फरक निघेल. निघाला नाही. तेलाकडे जाणाऱ्या कार्बनच्या ओघात दोन फळांमध्ये शंभरपटीहून अधिक तफावत असूनही जोडणीची बहुतेक जनुकं दोघांतही सारख्याच प्रमाणात चालू होती. फरक होता तो आधीच्या टप्प्यात. साखर तोडून पायरुव्हेट पुरवणारी काही महत्त्वाची जनुकं, प्लास्टिडमध्ये माल आत-बाहेर नेणारी जनुकं आणि मेदाम्लं विणणारी सगळीच जनुकं तेलताडात कितीतरी चढ होती.

कालव्याच्या भाषेत सांगायचं तर शेतातल्या चाऱ्या दोन्हीकडे सारख्याच खोदलेल्या आहेत. तेलताडात कालव्याच्या तोंडाचा दरवाजा सताड उघडा आहे, आणि खजुरात तो जवळपास बंद.

हा दरवाजा कोण उघडतं?

त्याच अभ्यासात एका जनुकाच्या नकला तेलताडात खजुराच्या ५७ पट निघाल्या. त्याचं नाव रिंकल्ड-१. हे जनुक स्वतः तेल बनवत नाही. ते मेदाम्लं विणणाऱ्या जनुकांच्या दाराशी जाऊन बसतं आणि त्यांना चालू करतं. अशा जनुकांना नियंत्रक म्हणूया.

रिंकल्ड म्हणजे सुरकुतलेलं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात हे जनुक बिघडलं की बियांमधलं तेल सुमारे ८० टक्क्यांनी घटतं आणि बी सुरकुततं, त्यावरून हे नाव पडलं. जनुकांची नावं अशी बिघाडावरूनच पडतात, त्यामुळे नवख्याला ती उलटी वाटतात.

आता खरा पेच. बियांमध्ये रिंकल्ड-१ च्या वरही काही अधिकारी असतात, लेक-१, लेक-२ आणि फस्का-३ यांसारखे. बी तयार होताना ते हुकूम देतात आणि मग रिंकल्ड-१ जागं होतं. पण तेलताडाचा गर हा बी नव्हेच, आणि त्यात हे नेहमीचे अधिकारी कामावर दिसत नाहीत. म्हणजे खालचा कारकून तोच ठेवून झाडाने वरचा साहेब बदलला आहे. तो साहेब कोण, याचा शोध हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा उद्योग आहे. ॲब्सिसिक आम्ल, इथिलिन आणि एनएफ-वाय कुळातले नियंत्रक यांच्याकडे बोट दाखवलं जातं.

एकाच फळात गराचं तेल वेगळं आणि गिरीचं वेगळं, ते कसं?

गराच्या तेलात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के आणि ओलेइक ३९-४० टक्के. गिरीच्या तेलात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास, म्हणजे ते खोबरेलाचं सख्खं भावंड. थंडीत दोन्ही थिजतात त्याचं कारण हेच.

फरक पडतो तो मेदाम्लाची साखळी कुठे तोडायची यावर. साखळी दोन-दोन कार्बनने वाढत जाते आणि थायोएस्टरेज नावाचं विकर तिला योग्य लांबीला कापतं. गिरीत या विकराचा असा प्रकार चालू असतो जो बारा कार्बनलाच कापतो. गरात चालणारा प्रकार सोळावर कापतो. सोळाच्या साखळीला अठरापर्यंत नेणारं विकरही गरात तोकडं पडतं, म्हणून पामिटिक साचत जातं. रिंकल्ड-१ च्या सुद्धा वेगवेगळ्या जुळ्या प्रती आहेत. एक मुख्यतः गरात चालते, दुसरी गिरीत. आणि गिरीतल्या इवल्याशा अंकुरात यातली एकही आढळली नाही, तरी तिथेही तेल असतं.

काळं फळ पिकलं की नाही, हे रंगावरून ओळखता येतं का?

नेहमीच्या वाणात खात्रीने नाही, आणि इथेच मळ्यात सर्वांत जास्त चुका होतात.

तेलताडाच्या फळाचे रंगावरून दोन मुख्य प्रकार. नायग्रेसेन्स प्रकारात कच्चं फळ जांभळट-काळं असतं, पिकल्यावर तांबूस होतं, पण टोक काळपटच राहतं. विरेसेन्स प्रकारात कच्चं फळ हिरवं आणि पिकल्यावर लख्ख नारिंगी. बहुतेक मळ्यांत पहिला प्रकार आहे. झाड दहा-बारा मीटर उंच, घड पानांच्या बेचक्यात दडलेला, आणि काढणारा माणूस खाली उभा, हातात लांब काठीला बांधलेला कोयता. काळ्यातून तांबूसपणा कितपत आलाय हे त्याने तिथून कसं जोखायचं?

काळा रंग अँथोसायनिनचा. जांभळाने जीभ रंगते तेच हे रंगद्रव्य. ते बनवण्याचा हुकूम देणारं जनुक २०१४ साली मलेशियन पाम ऑइल बोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं आणि त्याला विरेसेन्स हेच नाव दिलं. आफ्रिकेतून गोळा केलेल्या चारशेहून अधिक नमुन्यांत त्यांना या जनुकातले पाच वेगवेगळे बिघाड सापडले. पाचही स्वतंत्रपणे घडलेले, आणि पाचांचाही परिणाम एकच: प्रथिनाचं शेपूट अर्ध्यात तुटतं. असं तुटकं प्रथिन स्वतः तर काम करत नाहीच, वर धडधाकट प्रथिनालाही करू देत नाही. म्हणून एकच बिघडलेली प्रत असली तरी फळ हिरवं होतं. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात अभ्यासलेला एक रंगरोधक प्रकार याच धाटणीचा आहे.

एकाच जनुकात पाच वेळा घडलेला बिघाड टिकला कसा? संशोधकांचं म्हणणं असं की आफ्रिकेतल्या लोकांनी ही हिरवी फळं औषधी आणि मंत्रशक्तीची म्हणून जपली, त्यामुळे ती झाडं राहिली. शेतकऱ्याच्या आणि वैदूच्या नजरेने निवडलेलं जनुक शेकडो वर्षांनी प्रयोगशाळेत ओळखलं जावं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे नव्याने लागवड करताना विरेसेन्स प्रकाराचा आग्रह धरायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, अर्थात उत्पन्न तोडीस तोड असेल तर. रोप पिशवीत असतानाच पानाचा तुकडा तपासून रंग कळतो. फळ लागेपर्यंत तीन ते सहा वर्षं थांबावं लागत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: हा सालीच्या रंगाचा हुकूम आहे, गरातल्या तेलाचा नाही. फळ काळं असो की हिरवं, तेल भरणारी यंत्रणा वेगळी चालते.

कच्चा घड काढून आंब्यासारखा आढीत घातला तर पिकेल का?

कोकणातल्या एका बागायतदारांनी मला हे विचारलं होतं, आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे प्रश्न अगदी रास्त होता. हापूस जून झाला की काढतात, आढीत आठ-दहा दिवसांत तो पिकतो आणि गोड होतो. कारण झाडावरून उतरतानाच त्याच्या पोटात स्टार्चचा साठा असतो. आढीत त्याची साखर होते. शिदोरी सोबत असते.

तेलताडाच्या गरात तशी शिदोरी नसते. तेल बनतं ते पानातून रोज येणाऱ्या साखरेवर. घड कापला की पुरवठा तुटला. पुढे दोन दिवसांत फळ तांबूस दिसेल, मऊ होईल, सुटूनही येईल, म्हणजे पिकल्याची सगळी बाह्य लक्षणं येतील. तेल मात्र जिथल्या तिथे. आठवडाभर आधी काढलेला घड वजनाला भरतो, पण घाण्यावर उतारा कमी पडतो, आणि मग खरेदीच्या ठिकाणी वाद होतात.

म्हणून काढणीचा सर्वांत भरवशाचा निकष सुटलेली फळं हाच आहे. इथिलिन वाढलं की फळाच्या बुडाशी असलेल्या पेशींच्या पातळ थरात पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज विकराची जनुकं जागी होतात. हे विकर पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवतं आणि फळ गळतं. हे सहसा तेल भरत आल्यावरच होतं. मलेशियाच्या प्रतवारीत पिकलेल्या घडावर फळ गळून रिकामी झालेली किमान दहा ताजी खोबणी दिसावी लागतात. घडातली बाहेरची फळं आधी पिकतात आणि आतली मागून, त्यामुळे सगळी फळं पिकेपर्यंत थांबणंही परवडत नाही. झाडाखाली पडलेली सुटी फळं वेचण्याचा कंटाळा करू नका. सर्वांत जास्त तेल त्यांच्यातच असतं.

घड काढल्यावर लगेच कारखान्यात नेण्याची एवढी घाई कशासाठी?

कारण फळ स्वतःचंच तेल फोडायला लागतं. गरात लिपेज नावाचं विकर असतं, ते तेलाच्या रेणूतून मेदाम्लं सुटी करतं. अशी सुटी मेदाम्लं ५ टक्क्यांच्या वर गेली की कच्च्या पामतेलाला बाजारात किंमत उरत नाही.

बियांमध्ये तेलाचे बारीक थेंब ओलिओसिन नावाच्या प्रथिनाच्या आवरणात सुरक्षित असतात. गरात ओलिओसिनची जनुकं जवळजवळ बंदच असतात. तेलाचे मोठमोठे गोळे जेमतेम झाकलेले. फळ दाबलं, आपटलं, खरचटलं की पेशी फुटतात आणि लिपेज थेट तेलावर येतं. एकदा आमच्या नमुन्यांचे घड गाडीतून पोत्यांसारखे खाली टाकले गेले. दुसऱ्या दिवशी गराला आंबूस वास येत होता आणि त्यातले निम्मे नमुने आम्हाला टाकून द्यावे लागले. त्या दिवसापासून सुट्या फळांचे क्रेट मी स्वतः उतरवायचो.

कारखान्यात पहिलं काम म्हणजे घडांना दाबाखाली, साधारण १४० अंशांची वाफ देणं. त्याने लिपेज निकामी होतं. २०१३ साली या लिपेजचं जनुक ओळखलं गेलं आणि ते जन्मतःच दुबळं असलेली झाडंही आहेत असं दिसलं. अशा झाडांची फळं जास्त दिवस झाडावर ठेवता येतील, म्हणजे तेल पूर्ण भरेल आणि काढणीच्या फेऱ्याही वाचतील. लहान शेतकरी कारखान्यापासून लांब असतो आणि त्याला रोज गाडी परवडत नाही. त्याच्यासाठी हा गुण उत्पन्नवाढीइतकाच मोलाचा आहे.

फळ इतकं नारिंगी, मग रेशनवर मिळायचं ते पामोलिन फिकट का असायचं?

कारखान्यातून निघालेलं कच्चं तेल लालच असतं. किलोमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटीन त्यात असतं. शुद्धीकरणात विरंजक माती आणि प्रखर उष्णता यांनी ते काढून टाकलं जातं. शेवटच्या आठवड्यांत कॅरोटीनच्या जनुकांनी केलेली मेहनत अशी वाया जाते. मग तेल थंड करून घट्ट भाग वेगळा काढतात आणि पातळ राहतं ते पामोलिन. तरीही कडाक्याच्या थंडीत डब्याच्या तळाशी पांढरा साका बसायचा, तो भेसळीचा नव्हे, पामिटिक आम्लाचा.

करवंटीच्या जाडीचा पिकण्याशी संबंध आहे का?

थेट नाही. पण हा प्रश्न रोपं विकत घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे. ड्युरा प्रकारात करवंटी जाड, पिसिफेरात नसतेच आणि बहुतेकदा मादी फुलं वांझ, आणि दोघांच्या संकरातून येणाऱ्या टेनेरात पातळ. टेनेरात गर जास्त म्हणून ड्युराच्या तुलनेत तेल सुमारे ३० टक्के अधिक. हे एकाच जनुकावर ठरतं असं १९४१ साली बेल्जियन काँगोत दाखवलं गेलं आणि ते शेल नावाचं जनुक २०१३ साली हाती लागलं. फळाच्या अगदी कोवळ्या वयात ते काम करून मोकळं होतं. रोपाच्या पानावरून चाचणी होते. ती केल्याचा कागद मागा.

ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) काही झाडांची फळं कधीच नीट पिकत नाहीत, ते का?

त्या विकृतीला मँटल्ड म्हणतात. फळाभोवती जादा मांसल पाकळ्यांसारखे भाग वाढतात, शाल पांघरल्यासारखे. अनेक घड तेल न भरताच वाळून जातात. जनुकाची अक्षरं मात्र तंतोतंत मूळ झाडासारखीच असतात, आणि म्हणूनच कारण सापडायला कित्येक वर्षं गेली.

२०१५ साली उलगडा झाला. फुलाचे अवयव ठरवणाऱ्या डेफिशिएन्स या जनुकाच्या पोटात एक उडतं, म्हणजे जागा बदलू शकणारं, जनुक येऊन बसलेलं आहे, त्याचं नाव कर्मा. एरवी त्यावर मिथाइल गटांची मोहर असते आणि ते गप्प असतं. ऊतिसंवर्धनात ही मोहर पुसली गेली की नक्कल अर्ध्यात तुटते आणि फळ बिघडतं. मोहर शाबूत असलेल्या अवस्थेला संशोधकांनी गुड कर्मा आणि पुसलेलीला बॅड कर्मा म्हटलं. अक्षर न बदलता फक्त मोहर बदलून नशीब बदलावं, याला दुसरा शब्द त्यांना तरी कुठे सापडणार होता?

तेलताड जनुकबदल केलेलं पीक आहे का?

नाही. व्यापारी लागवडीत असं एकही वाण नाही. वर सांगितलेल्या जनुकांचा उपयोग मुख्यतः रोपं निवडण्यासाठी होतो.

भारतात यावर काम होतं का?

होतं. आंध्र प्रदेशात एलुरूजवळ पेदवेगी इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची तेलताड संशोधन संस्था आहे. लागवडीत आंध्र आणि तेलंगणा खूप पुढे आहेत, गोव्यातही थोडी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचं खाद्यतेल अभियान मंजूर केलं, त्यात तेलताडाखालचं क्षेत्र १० लाख हेक्टरपर्यंत नेण्याचं लक्ष्य होतं. आपण परदेशी पामतेलावर किती अवलंबून आहोत हे एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा प्रत्येक घराला कळलं. पण या झाडाला बारमाही पाणी लागतं. पाण्याचा ताण पडला की मादीऐवजी नर फुलोरे जास्त येतात, आणि त्याचा फटका दोनेक वर्षांनी घडांच्या संख्येत दिसतो. विहीर उन्हाळ्यात आटत असेल तर जनुक कितीही चांगलं असलं तरी ही लागवड करू नये, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

मला प्रकल्पासाठी या फळाची अभिव्यक्ती मोजायची आहे. नमुने घेताना काय सांभाळू?

परागीभवनाची तारीख स्वतः नोंदवा, घडाला पाटी लावा. रंग बघून ‘कच्चं, अर्धं, पिकलं’ असे गट पाडू नका, त्याने काय होतं ते वर आलंच आहे. प्रत्येक वेळी घडाच्या त्याच भागातली, त्याच थरातली फळं घ्या. एकाच घडात बाहेरचं फळ आणि आतलं फळ यांत काही दिवसांचं अंतर असतं, आणि ते अंतर तुमच्या सगळ्या निष्कर्षांना सुरुंग लावू शकतं. किमान तीन वेगवेगळ्या झाडांवरून नमुने घ्या. एका झाडाचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत.

गर कापल्यावर मिनिटाभरात द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. नकला अल्पायुषी असतात, आणि कापल्याची जखमही नवी जनुकं चालू करते. पिकलेल्या गरातून आरएनए काढणं जिकिरीचं आहे. तेलाचा थर वर तरंगतो, खाली चिकट शर्करा गोळा होतात, आणि बाजारातले तयार संच बहुतेकदा हात टेकतात. सीटॅब या रसायनाची जुनी पद्धत अजून सर्वांत भरवशाची, क्लोरोफॉर्मने दोनदा धुतलं तर आणखी चांगलं. तुलनेसाठी घेतलेलं ‘स्थिर’ जनुक सगळ्या टप्प्यांवर खरोखर स्थिर आहे का, ते आधी तपासा.

त्याच फळाचा उरलेला अर्धा भाग फेकू नका. त्यातलं तेल मोजा आणि दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. आणि नळीवर पेन्सिलीने लिहा, शाईने नव्हे. हाताला लागलेलं पामतेल शाई पुसून टाकतं.